सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे

दाखवणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण मालकाने परवा माझे चारही बाजूंनी फोटो काढले आणि मला विक्रीला टाकलं. उद्या सकाळी कुणीतरी मला न्यायला येणार आहे. नव्या घरी माझ्यावर नवी चित्रं उमटतील आणि या घरात काय झालं त्याचा मागमूसही राहणार नाही. म्हणून एकदाच सांगून मोकळा होतो.

मी मॉनिटर आहे, खेळणाऱ्यांसाठी बनवलेला. साधा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, मी दोनशे चाळीस वेळा. याला रिफ्रेश रेट म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकं पडद्यावरचं हलणं सलग दिसतं आणि भिंतीआडून डोकावणारा शत्रू केसभर आधी दिसतो. माझी किंमतही त्याच मानाने चढी. त्यामुळे "एवढा खर्च करण्यात खरंच अर्थ आहे का हो?" हा प्रश्न मी दुकानात असल्यापासून ऐकत आलोय.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या खोलीत झाला. टोपी आणि हातमोजे घातलेल्या एका बाईने मला पहिल्यांदा पेटवलं. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे रंग एकामागून एक दाखवायला लावले, एखादा ठिपका मेलेला आहे का ते निरखून पाहिलं आणि ती पुढच्याकडे वळली. सगळं मिळून अकरा सेकंद. आईची आणि माझी ओळख तेवढीच.

पुढे खोकं, अंधार, दुकान. आणि मग मालक.

मालक लिफ्टचा मेकॅनिक. अडतीस वर्षांचा, सडपातळ, नखांत कायमचं काळं ग्रीस. दिवसभर उंच उंच इमारतींच्या लिफ्टच्या विहिरीत लोंबकळायचा आणि संध्याकाळी घरी येऊन हात-तोंड धुतलं की खेळायला बसायचा. गोळीबाराचा खेळ, पाच-पाच जणांच्या टीम. त्याच्या टीममध्ये त्याला 'बिजली' म्हणत. समोरचा दिसला न दिसला तोच याची गोळी सुटलेली असायची, म्हणून.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. घरात ही दोघंच. आणि तिसरा दादा. दादा सख्खा भाऊ नव्हे, कामावरचा जोडीदार. मालकापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दादाने मालकाला लिफ्टचं काम शिकवलं आणि मालकाने दादाला हा खेळ शिकवला. चौदा वर्षं दोघं एकत्र काम करत होते. खेळात दादा कॅप्टन. हेडफोनने मालकाचे कान दुखायचे, म्हणून दादाचा आवाज माझ्याच पोटातल्या स्पीकरमधून यायचा. "डावीकडे बघ! अरे डावीकडे! हात कुठला तुझा डावा?" असा.

मला घरात आणलं त्याचं कारण असं झालं, की बिजली मरायला लागली. खेळात हो. रोज. "समोरचा मला दिसायच्या आत मी आडवा," असं मालक सांगायचा. बायकोने त्याला दुकानात नेऊन डोळे तपासले. "डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली, "सिंकमधली भांडी दिसत नाहीत, तो वेगळा आजार." मग दादाने निकाल दिला. "तो जुना डबा फेक आणि चांगला पडदा घे. नाहीतर आम्ही दुसरी बिजली बघतो."

आणि मी आलो. पहिल्याच संध्याकाळी मालक ओरडला, "लोण्यासारखं चालतंय! दादा, काय सांगू तुला, डोळ्यांवरची पट्टी निघाल्यासारखं वाटतंय!"

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. कारण मी तेव्हा साठच चित्रं दाखवत होतो, त्या जुन्या डब्याइतकीच. मला दोनशे चाळीसवर आणायचं तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो आणि तो कुणी बदललाच नव्हता. अकरा दिवस असे गेले. अकरा दिवस मालक टीममधल्या प्रत्येकाला फरक समजावून सांगत होता. शेवटी बायकोने, तिला काहीही छापलेलं वाचायची सवय, खोक्यातला कागद वाचला. "अरे, हे आपण बदलायचं असतं म्हणे. तू बदललंस का?"

दादा त्या दिवशी इतका हसला, की माझे स्पीकर खरखरले.

माणसांचं हे मला नेहमीच नवल वाटत आलंय. त्यांनी एकदा ठरवलं, की त्यांना तसं दिसू लागतं.

त्याच दिवशी मालकाने एक चाचणी उघडली. इंटरनेटवर असते ती. माझा सगळा पडदा लाल होतो; तो अचानक हिरवा झाला की माऊसचं बटण दाबायचं. दिसण्यात आणि दाबण्यात किती वेळ गेला ते हजारांश सेकंदांत लिहून येतं. आकडा बदलायच्या आधी त्याचा वेळ होता दोनशे एकतीस. बदलल्यानंतर दोनशे एकोणीस. माझी सगळी करामत ती एवढी, बारा हजारांश सेकंदांची. खोटी नव्हती. चांगल्या खेळाडूला तेवढ्याने जिंकता येतं.

मालकाने तो आकडा एका फाइलमध्ये लिहून ठेवला. फाइलचं नाव 'हात'. त्यात एक जुनी नोंदही होती, तीन वर्षांपूर्वी टीममध्ये पैज लागली होती तेव्हाची. त्या जुन्या डब्यावर त्याचा वेळ आला होता एकशे अठ्ठ्याहत्तर.

मालक त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने फाइल बंद केली.

तिथून पुढे दर रविवारी दुपारी, बायको दुकानात गेली की तो ती चाचणी घ्यायचा. दहा वेळा दाबायचं, सरासरी काढायची, लिहायचं. दोनशे सोळा. दोनशे चोवीस. दोनशे एकेचाळीस. त्याने माऊस बदलला. माऊसखालची चटई बदलली. माझी वायर बदलली. माझ्या सेटिंगमधलं एकही कलम त्याने सोडलं नाही. दोनशे अठ्ठावन्न. मी हिरवा व्हायचो तो ठरल्या क्षणीच, त्यात कधीही खोट नव्हती. पण हे मी त्याला सांगणार कसं? मला तोंड नाही, पडदा आहे. आणि पडद्यावर मी जे दाखवत होतो, त्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती. खेळणारा माणूस तासन्‌तास मॉनिटरकडे तोंड करून बसतो. माझ्याइतका त्याचा चेहरा बायकोनेही पाहिला नसेल. सुरुवातीला तो चेहरा सतत हलायचा. जीभ बाहेर यायची, भुवया नाचायच्या, मेला की शिवी ओठांवर यायची. हळूहळू ते थांबत गेलं. पापण्या कमी मिटायला लागल्या. दादाने विनोद केला तर मालक "हा हा" म्हणायचा, पण चेहरा जागचा हलायचा नाही. बायको एकदा मागून येऊन त्याच्याकडे बघत म्हणाली, "रागावलायस का माझ्यावर?"

"नाही गं. का?"

"आठवडाभर तोंड असंच आहे तुझं."

"असंच म्हणजे?"

ती कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली.

एका रविवारी, दोनशे नव्वद आल्यावर, मालकाने माझ्यावर लिहिलं, 'हात मंदावणे कारणे'. मी जे समोर आलं ते दाखवलं. त्याने ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं. त्यात मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. त्याने उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर टेकवून पाहिलं, भरभर, पानावर लिहिलं होतं तसं. दहा-बारा वेळा झाल्यावर बोटांची उघडझाप लहान लहान होत गेली. डाव्या हाताने करून पाहिलं, तो नीट चालला. मग त्याने पान मिटलं आणि काय काय शोधलं त्याची यादीसुद्धा पुसून टाकली.

तो डॉक्टरकडे गेला नाही. का गेला नाही, ते मला फोनवरच्या एका बोलण्यातून कळलं. कंपनीत कुणाला तरी तो विचारत होता, "वर्षाच्या तपासणीत काय काय बघतात हो? हातबित बघतात का?" हातच गेला तर लिफ्टच्या मेकॅनिकचं काय उरतं? तो तपासणीत पास झाला. डोळे, रक्तदाब, वजन. हात कुणी बघितला नाही.

त्या महिन्यात टीम एक स्पर्धा हरली. शेवटच्या डावात दादा ओरडला होता, "मार, मार, समोर आहे!" आणि मालकाची गोळी सुटली तेव्हा समोरचा निघून गेला होता.

"मी ओरडलो तेव्हा कुठे होतास रे?" दादाने विचारलं.

"नेट गेलं मध्येच," मालक म्हणाला.

नेट गेलं नव्हतं.

मग तो मंगळवार आला. मालक भर दुपारी घरी आला. खुर्चीत बसला आणि मला चालू केलं. त्याच्या अंगात कामाचा निळा शर्ट होता आणि उजवी बाही कोपरापर्यंत तपकिरी झाली होती. मला आधी वाटलं ग्रीस आहे. त्याने चाचणी उघडली. मी लाल झालो, हिरवा झालो, त्याने दाबलं. तीनशे बावन्न. पुन्हा. तीनशे अडतीस. पुन्हा. तीनशे एकसष्ट. तो थांबेचना. बायको धावत घरात आली, तिला कुणाचा तरी फोन गेला असणार, तेव्हा तो अजून दाबत होता.

"अरे, दादा कुठेत? काय झालं?"

"दवाखान्यात."

"आणि तू इथे?"

मग तिला त्याने सांगितलं. दोघं लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभे होते. टपावरून लिफ्ट चालवायचं बटण मालकाच्या हातात होतं. दाबून धरलं की लिफ्ट सरकते, सोडलं की जागच्या जागी थांबते. दादा हात बाहेर काढून भिंतीवरचा रूळ चाचपत होता. त्याचा हातमोजा रुळाच्या पट्टीत अडकला. तो ओरडला, "सोड!" लिफ्ट थांबली, पण थोडी पुढे जाऊन. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"बटण अडकलं," मालक म्हणाला. "सोडलं तरी अडकून राहिलं."

तिने त्याची बाही धुवायला घेतली.

दोन दिवसांनी कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. मालकाने तो स्पीकरवर टाकला होता. साहेब म्हणाले, "बटण तपासलं आम्ही. चांगलं चालतंय. म्हणजे तुमच्या जोडीदाराने न सांगता हात बाहेर काढला असणार. तसं लिहून द्या. विषय मिटेल."

"पण ते तसं..."

"तुम्ही बटण वेळेवर सोडलं होतं ना?"

मालकाने फोनचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "हो."

ते पत्र त्याने माझ्यावरच लिहिलं. चार ओळींना पाऊण तास लागला. 'जोडीदाराने कोणतीही सूचना न देता हात बाहेर काढला.' एकेक अक्षर मी उमटवलं, स्पष्ट आणि वेळेवर. मला त्यातलं काही पुसता येत नाही. दादाचा हलगर्जीपणा ठरला. चौदा वर्षांची नोकरी गेली आणि भरपाईचं नाव निघालं नाही.

तीन आठवडे कुणी खेळलं नाही.

मग एका सकाळी बायकोने दुकानाची यादी करायला मला चालू केलं आणि तिला ती 'हात' नावाची फाइल दिसली. तिने ती सहज उघडली. वाचता वाचता तिने खुर्ची पुढे ओढली. माझ्या काचेवर बोट ठेवून ती एकेक तारीख खाली सरकत गेली. ते बोट मला अजून आठवतं, थंड होतं.

"इकडे ये," तिने हाक मारली. "हे काय आहे?"

"खेळाचं आहे ते."

"मी दिवसभर लोकांचे नंबर लिहिते. बिघडत चाललेला नंबर मला कळतो." तिचा आवाज चढला नाही. "हे दीड वर्षांचं आहे. दर रविवारचं. तू दर रविवारी हे मोजत होतास, आणि सोमवारी कामाला जात होतास."

"मला वाटलं मॉनिटरच..."

"मॉनिटर!" ती म्हणाली. "बटण अडकलं नव्हतं ना?"

तो उभा होता तिथेच खाली बसला. "मला ऐकू लगेच आलं गं. 'सोड' म्हणाला ते लगेच कळलं. मी सोडलंही. पण बोट उठेना."

"दादांना माहीत होतं हे?"

त्याने मान हलवली. नाही.

"ते तुझ्या बोटाच्या भरवशावर हात बाहेर काढत होते," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ त्या खोलीत मी एकटाच जिवंत असल्यासारखा प्रकाश देत होतो.

त्याच आठवड्यात ती त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला आजाराचं नाव कळलं. कंपवात.

"पण माझा हात कापत नाही," मालक सारखं म्हणत होता.

"कापणं नंतरही सुरू होतं, कधी होतही नाही. आधी मंदावतं, सांगितलं ना त्यांनी," बायको म्हणाली. "दीड वर्ष आधी आला असतास तर गोळ्या तेव्हाच सुरू केल्या असत्या, तेही सांगितलं."

त्या संध्याकाळी त्याने कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. यात काहीही झाकलं नव्हतं. पहिलं पत्र खोटं होतं, दादाने सूचना दिली होती, उशीर त्याच्या स्वतःच्या हाताचा होता. सोबत 'हात' फाइल जोडली. पाठवण्याच्या बटणावर बाण नेऊन ठेवल्यावर तो मागे वळला. बायको दारात उभी होती. त्याने पाठवलं.

मालकाची नोकरी गेली. दादाला त्याची भरपाई मिळाली, आणि एक दिवस तो घरी आला. इतके दिवस मी त्याचा फक्त आवाज ओळखत होतो. माणूस ठेंगणा निघाला, केस विरळ. उजवा हात खिशात होता आणि तो त्याने शेवटपर्यंत बाहेर काढला नाही.

"कंपनीने तुझं पत्र दाखवलं," तो म्हणाला. "आकडेही दाखवले."

"दादा, मी..."

"मला बोलू दे. आजाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो कुणालाही होतो. खोटं पत्र दिलंस, तेही घाबरून दिलंस, समजतं मला." तो माझ्याकडे बघत होता, मालकाकडे नाही. "पण त्या मंगळवारी लिफ्टवर चढताना एवढंच म्हणायचं होतंस, दादा, आज बटण तू धर. जागा बदलायची होती रे आपण. बस्. दुसरं काय करायचं होतं?"

मालकाच्या थिजलेल्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. चेहरा मात्र हलत नव्हता. दादाला ते दिसलं की नाही, सांगता येत नाही.

"चहा टाकते," बायको म्हणाली.

"नको गं, निघतो."

त्यानंतर दादा आला नाही. बायको दर शनिवारी त्याच्या घरी जाते, वहिनीला बाजारहाट करून देते. जाताना मालकाला "येतोस का?" असं विचारत नाही. पण सकाळी त्याच्या शर्टाची बटणं तीच लावते. दोन्ही गोष्टी ती त्याच हातांनी करते.

मला विकत घेणारी एक मुलगी आहे, कॉलेजात शिकणारी. तिने निरोप पाठवून विचारलं, "खरंच फरक पडतो का, की नुसतं म्हणायला?" मालक एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहीत होता. लिहिलेलं सगळं खोडलं आणि फक्त "पडतो" एवढंच पाठवलं.

ते खरं आहे. मुली, मी तुला बारा हजारांश सेकंद देईन, आणि चांगली खेळत असशील तर ते तुला पुरतील. पण एक मागणं आहे माझं. एखाद्या दिवशी मी वेळेवर दाखवूनही तुझा हात उशिरा आला, तर माझ्या सेटिंगमध्ये महिनोन्‌महिने शोधत बसू नकोस. तुझ्या शेजारी जो उभा असेल त्याला सांग. लाज वाटली तरी सांग.

आज रविवार. मला पुसून खोक्यात घालायच्या आधी मालकाने शेवटचा तो खेळ उघडला. खेळला नाही. टीमच्या यादीत दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे दादाही त्या क्षणी खेळासमोर बसलेला होता, कुठल्या हाताने कोण जाणे. मालकाने निरोपाची चौकट उघडली आणि लिहायला घेतलं. 'दादा' लिहिलं. थांबला. 'हात कसा' लिहिलं. 'क'च्या जागी भलतंच अक्षर पडलं होतं, ते खोडलं, पुन्हा लिहिलं. कपाळावर घाम आला होता. 'आहे' लिहायला त्याने बोट उचललं, आणि ते बोट नेहमीसारखं सावकाश, पाण्याखालून आल्यासारखं खाली येत होतं.

तेवढ्यात यादीतला ठिपका राखाडी झाला. दादा निघून गेला होता.

ते मी मालकाला तत्क्षणी दाखवलं, सेकंदाच्या दोनशे चाळिसाव्या भागात. माझ्याकडून उशीर झाला नाही.